हळूहळू आणि एकदम

आपल्या मराठी माणसाचा दोन क्रियाविशेषणांवर फार जीव आहे. एक 'हळूहळू' आणि दुसरं 'एकदम'. दोन्ही शब्द चांगले, खानदानी आहेत. माझी तक्रार एवढीच की तो ते नेमके उलट्या जागी वापरतो. जे एकदम करायचं ते तो हळूहळू करतो, आणि जे हळूहळू करायचं ते एकदम. "सिगारेट ना? कमी करत आणलीय. हळूहळू सोडणार," असं म्हणणारा गृहस्थ त्याच श्वासात (तेवढा श्वास उरला असेल तर) सांगतो, "एक तारखेपासून मात्र पहाटे साडेचारला उठून दोन तास व्यायाम. एकदम!" पायात टोपी आणि डोक्यावर बूट घालून निघालेल्या माणसाला आपण रस्त्यात अडवून सांगतो. या गृहस्थाला मात्र कोणी अडवत नाही. ते काम आज मी करणार आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिला झुरका मी १९७५ साली, कॉलेजमागच्या इराण्याकडे घेतला. त्याच वर्षी सरकारने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायचा कायदा केला, हा निव्वळ योगायोग. सिगारेट आरोग्याला अपायकारक आहे, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य पाकिटाच्या कडेला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात असे. माझं इंग्रजी कच्चं. ते सुधारावं म्हणून असेल, पण पुढची चौतीस वर्षं मी ते वाक्य दिवसातून पंधरा वेळा हातात धरलं. बँकेत नोकरी झाल्यामुळे हिशेबाची खोड आहे. रोजच्या पंधरा धरल्या तर चौतीस वर्षांच्या १,८६,१५० सिगारेटी होतात. लीप वर्षांचे जादा दिवस धरलेले नाहीत, ती माझ्याकडून सूट.

आता सिगारेट वाईट आहे हे सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूविरुद्ध स्वतःच्या हाताने पुस्तिका लिहिली. आपल्याकडे जहांगीर बादशहाने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. हा जहांगीर स्वतः दारू आणि अफूचा केवढा भोक्ता होता ते इतिहासात आहेच. तेव्हापासून आजपर्यंत व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्याकडे माणूस आधी संशयाने बघतो. आमच्या बँकेत या विषयावर एक साहेब भाषण द्यायला आले होते. भाषण छान झालं. संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काडेपेटी आहे का हो?"

तेव्हा उपदेशाने काही होत नाही, हे मला मान्य आहे. पण उपदेशाला उत्तर म्हणून आम्ही ओढणारे लोक जे युक्तिवाद करतो, ते त्याहून भिकार असतात. मी ते सगळे केलेले आहेत, त्यामुळे भिकार म्हणायचा अधिकार मला आहे.

पहिला युक्तिवाद आजोबांचा. प्रत्येक ओढणाऱ्याच्या घराण्यात एक आजोबा असतात. ते नव्वद वर्षं जगलेले असतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत विड्या ओढत असतात. "त्यांना काय झालं?" असा सवाल असतो. अहो, लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो. न लागलेल्यांचे फोटो छापायचे ठरवले तर रोजचा अंक विश्वकोशाएवढा होईल. ज्यांचे आजोबा विडीपायी पन्नाशीत गेले, त्या नातवांना सांगण्यासारखी गोष्टच नसते, म्हणून कट्ट्यावर ते गप्प बसतात. रिचर्ड डॉल नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. १९५० साली त्यांनी आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवून दिलं. नंतर १९५१ पासून त्यांनी इंग्लंडातल्या हजारो डॉक्टरांच्याच सवयी आणि मरणं नोंदवायला घेतली, आणि पन्नास वर्षं ते खातं बंद केलं नाही. २००४ साली ताळेबंद निघाला. जन्मभर ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो, आणि साधारण दोघांतला एक सिगारेटीमुळेच जातो. म्हणजे नाणं उडवायचं. छापा पडला तर तुम्ही ते आजोबा, काटा पडला तर भिंतीवरचा फोटो.

दुसरा युक्तिवाद स्वाभिमानाचा. "मनात आणलं तर आज सोडीन." आमचा एक कॅशियर मित्र हे वाक्य इतक्या ऐटीत म्हणे की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी व्यसनी असल्यासारखं वाटावं. तो खोटं बोलत नव्हता. २००६ साली एका गुरुवारी त्याने खरोखरच एका दिवसात सिगारेट सोडली. त्या दिवशी त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं आणि तिथे ओढू देत नाहीत. रविवारी आम्ही त्याला पोचवून आलो. येताना वैकुंठाबाहेरच्या टपरीवर चौघांनी चार सिगारेटी पेटवल्या. त्यातली एक माझी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण हिशेब लिहायचा तर पुरा लिहावा.

मनोनिग्रहाची ही जी बढाई आहे ना, तिच्यावर माझा खरा राग आहे. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. इतक्या लवकर आमच्या बँकेत साधी स्लिपसुद्धा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे. हे रसायन आहे. त्याचा तुमच्या चारित्र्याशी, घराण्याशी, मॅट्रिकला मिळालेल्या मार्कांशी काही संबंध नाही. मोतीबिंदू झाला तर आपण मनोनिग्रहाने बघत नाही, ऑपरेशन करतो. सिगारेटच्या बाबतीत मात्र डॉक्टरकडे जायला माणूस लाजतो, आणि ओढायला लाजत नाही.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत घातकी युक्तिवाद 'हळूहळू'वाल्यांचा. मी या पंथात बारा वर्षं होतो. त्या काळात मी योजिलेले उपाय सरकारी योजनांच्या तोडीचे होते. एक वर्ष फक्त जेवणानंतर ओढायची असं ठरवलं. परिणाम असा झाला की मी दिवसातून सहा वेळा जेवू लागलो. मग प्रत्येक सिगारेट कात्रीने कापून अर्धी ओढायची असं केलं. दोन अर्ध्यांची एक होते हे गणित मला येत असूनही मी आठ महिने स्वतःला फसवलं. मग पाकीट कपाटात ठेवून किल्ली हिच्याकडे दिली. ही भाजीला गेली की मी घरातल्या घरात चोरासारखा किल्ली शोधायचा, आणि मिळाली की पहिली सिगारेट शोधण्याच्या श्रमाखातर ओढायचा. शेवटी पाकीट घ्यायचंच नाही, लागेल तेव्हा टपरीवर जाऊन सुटी एक घ्यायची, असा नियम केला. त्याने पंधराच्या पंधराच राहिल्या, वर टपरीवाल्याशी घरोबा झाला. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो.

एकदा मात्र चारवर आलो होतो. तो काळ सगळ्यांत वाईट. पंधरा ओढणारा माणूस चौदा वेळा विसरून ओढतो. चार ओढणारा दिवसभर दुसरं काही करतच नाही, फक्त पुढच्या सिगारेटची वाट बघतो. मी लेजरमध्ये आकडे मांडत असे आणि डोळे घड्याळाकडे. त्या चार सिगारेटी मला कधी नव्हत्या इतक्या गोड लागल्या. म्हणजे सोडायच्या नावाखाली मी माझ्या व्यसनाचे लाड करत होतो.

बरं, एवढं करून फायदा किती? २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब आला. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. विसातल्या एकोणीस सोडल्या आणि सूट मिळाली फक्त निम्मी! बँकेच्या भाषेत सांगायचं तर हप्ते भरून भरून कंबर मोडली, आणि मुद्दल जागच्या जागी. असलं कर्ज हप्त्याने फेडायचं नसतं, एकरकमी मिटवायचं असतं.

आणि चौथा युक्तिवाद. "माझं शरीर, माझा पैसा, तुम्हाला काय करायचंय?" हा मी शेवटी ठेवला, कारण यानेच माझी बोलती बंद केली.

२००९ सालच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला हिचा खोकला फार वाढला. तसा तो अनेक वर्षं होताच. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखा, असतो म्हणून ऐकू न येणारा. घरचा काढा, मग गल्लीतले डॉक्टर, असं करत आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हिला एका नळीत जोराने फुंकायला लावलं. यंत्रातून निघालेला कागद बघितला, आणि सरळ विचारलं, "बाई, सिगारेट ओढता का?"

जन्मात सुपारीचं खांड तोंडात न घातलेली माझी बायको. ती शांतपणे म्हणाली, "नाही हो डॉक्टर. आमच्याकडे हे ओढतात."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. अठ्ठावीस."

"घरात?"

"पाऊस असला की घरात."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घेतलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझा आकडा हिच्या केसपेपरवर गेला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकलेली रक्कम मी कैक वेळा शोधून काढली होती, पण ही एंट्री माझ्या स्वतःच्या हातची होती.

आमचं लग्न १९८१ सालचं. पुढे वाचनात आलं की त्याच वर्षी हिरायामा नावाच्या जपानी डॉक्टरांनी स्वतः न ओढणाऱ्या नव्वद हजारांवर बायकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ज्यांचे नवरे ओढत, त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त आढळला होता. तिकडे जपानात हे छापून येत होतं, आणि इकडे मी वाजतगाजत एका मुलीला वरात काढून दीड खोलीतल्या धुरात आणत होतो. माझं शरीर, माझा पैसा! फुंकलेला धूर खिशात परत घालता येत असता, तर तो युक्तिवाद मी आजही मानला असता.

त्या संध्याकाळी मी 'हळूहळू' हा शब्द टाकला. डॉक्टरांकडे परत गेलो, या खेपेला माझा केसपेपर काढून. त्यांनी सांगितलं, तारीख ठरवा, त्या तारखेपर्यंत काय ओढायचं ते ओढा, आणि त्या दिवसापासून एकही नाही. (पुढे २०१६ साली इंग्लंडमध्ये सुमारे सातशे ओढणाऱ्यांवर याचीच परीक्षा झाली. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांतले शंभरात एकोणपन्नास टिकले होते, आणि कमी करत करत सोडणाऱ्यांतले एकोणचाळीस. दोघांनाही औषधाची मदत होती.) मला निकोटिनचं च्युइंग गम लिहून दिलं. मी तारीख ठरवली २२ जुलै २००९. आषाढातली अमावास्या, जिला आपण प्रेमाने गटारी म्हणतो. त्यात त्या दिवशी पहाटे सूर्यग्रहण. खाली रस्त्यावर "दे दान, सुटे गिराण" ऐकू आलं आणि मी पितळी ॲश-ट्रे, दोन लायटर आणि उरलेलं अर्धं पाकीट घेऊन खाली उतरलो. पाकीट कचऱ्यात टाकलं, बाकीचं दान केलं. ग्रहणात इतकं मनापासून दान त्या गल्लीत कोणी केलं नसेल.

पहिले तीन दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. मी बँकेत शिपायावर ओरडलो, घरी पंख्यावर ओरडलो. पण एक शोध लागला. ओढायची जी सणक येते, ती जन्मभर टिकत नाही. चार-पाच मिनिटं टिकते. कुकरच्या तीन शिट्ट्या. तेवढ्या वेळात पाणी प्यायचं, गम गालाशी धरून बसायचं, नाहीतर वहिनींना फोन करून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. (हे शेवटचं रामबाण आहे, पण चार-पाच मिनिटांत आटोपत नाही.) तिसऱ्या महिन्यात एका लग्नात कोणीतरी पुढे केलेली एक मी ओढली. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर, पुन्हा गम, पुन्हा एकदम. त्यानंतर आजपर्यंत नाही.

आता 'एकदम'वाल्यांकडे वळतो. सिगारेट सुटली की माणसाला पुण्याची चटक लागते. सोडल्यानंतरच्या पहिल्याच एक जानेवारीला मी बूट, मोजे, कानटोपी असा सरंजाम घेऊन पहाटे पर्वतीवर हजर झालो. त्या दिवशी पर्वतीवर जी गर्दी असते ती बघून डोळे पाणावतात. पायऱ्यांवर रांग, वर सूर्यनमस्कार, खाली उतरल्यावर कारल्याचा रस. संक्रांतीपर्यंत ही गर्दी निम्मी होते. तिळगूळ खाऊन लोक गोड बोलतात ते अंथरुणातूनच. मी पाच जानेवारीला गेलो नाही, कारण पोटऱ्या. सहाला गेलो नाही, कारण पाचला गेलो नव्हतो. "आता मोडलाच आहे नेम, तर जाऊ दे!" सातला माझे बूट मुलाला झाले.

इथेच आपल्या बुद्धीची कमाल दिसते. फिरायला जाणं एक दिवस चुकलं तर आकाश कोसळत नाही, पण आपण तेवढ्यावर सगळा व्यायाम सोडतो. सिगारेट सोडल्यावर एक ओढली तर मात्र खरोखर घात असतो, आणि तिथे आपण म्हणतो, "एकाने काय होतंय!" ज्या चुकीला माफी आहे तिथे आपण कडक, आणि जिथे नाही तिथे दिलदार.

लंडनमध्ये २००९ सालीच एक पाहणी झाली. शहाण्णव जणांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितलं, न्याहारीनंतर अमुक, जेवणाआधी तमुक. ती सवय अंगवळणी पडायला कोणाला अठरा दिवस लागले, आणि कोणाची तऱ्हा अशी की हिशेब दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा सहासष्ट. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणून जो मंत्र सांगतात, त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नाक बदललेल्या माणसाला नव्या नाकाची सवय व्हायला किमान तीन आठवडे लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपण नाक तेच ठेवून एकवीस दिवसांत पैलवान व्हायला बघतो.

मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती चपला घालून. सकाळचा चहा मी अंगात ताप असला तरी चुकवत नाही. त्या चहाच्या शेपटाला एक गोष्ट बांधली. कप खाली ठेवला की पिशवी घेऊन दूध आणायला जायचं, जवळच्या डेअरीत नाही, पुलापलीकडच्या. जायला सात मिनिटं, यायला सात. घरपोच दुधाची पिशवी बंद केली, त्यामुळे कंटाळा केला तर दुसरा चहा बंद. मनोनिग्रहापेक्षा हे जास्त चालतं. चार महिन्यांनी पाय आपोआप पुढच्या चौकापर्यंत जाऊ लागले. मग बागेपर्यंत. आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं असं डॉक्टर लोक सांगतात. माझी केव्हा भरू लागली ते मलाच कळलं नाही, आणि तीच सवय लागल्याची खूण. रात्रीच्या जेवणातला भात अर्धा व्हायला त्यानंतर एक वर्ष लागलं. लोणचं अजून चर्चेत आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. सिगारेट सोडणार असाल तर तारीख ठरवून एकदम सोडा, आणि मदत मागायला लाजू नका. २०१८ पासून पाकिटावरच सरकारने फोन नंबर छापलाय, १८००-११-२३५६. फुकट आहे. एवीतेवी पाकीट हातात असतंच. आणि चांगली सवय लावणार असाल तर एवढी लहान लावा की शेजाऱ्याला सांगायचीसुद्धा लाज वाटावी.

डॉलसाहेबांच्या ताळेबंदात पन्नाशीला सोडणाऱ्याच्या खात्यावर साधारण सहा वर्षं जमा दाखवली आहेत. मी त्रेपन्नाव्या वर्षी सोडली, तेव्हा थोडी कापून घेतील. तिशीत सोडली असती तर पुरी दहा मिळाली असती. हिच्या खात्यावर काय जमा झालं ते मला कोणत्याच तक्त्यात सापडलं नाही. हिचा खोकला गेला नाही, कमी झाला. औषधाचा फवारा उशाशी असतो. पावसाळ्यात तो वाजला की मी उठून बसतो, आणि ही म्हणते, "झोपा, काही नाही."

सोडून तीनेक आठवडे झाले असतील. नाक उघडलं होतं. रात्री जेवताना मी आमटीचा भुरका मारला आणि थबकलो. गोडा मसाला, आमसूल, वर कढीलिंबाची फोडणी, एकेक वेगळं लागत होतं.

"आज आमटी काय झालीय! काही नवीन घातलंस का?"

ती वाढता वाढता म्हणाली, "तीच आहे. एक्क्याऐंशीपासून."